पोटॅशियमचे संयुग आम्लधर्मी, आम्लारिधर्मी की उदासीन : कसे ओळखावे

ठिबकमधून खते सोडणाऱ्या द्राक्ष बागायतदाराच्या शेडमध्ये ०:५२:३४, १३:०:४५ आणि ०:०:५० (नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के) अशा तीन पिशव्या बहुधा शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. तिन्हींत पोटॅशियम आहे, तिन्हींतला माल पांढरा आणि पाण्यात विरघळणारा आहे; पण लिटरभर शुद्ध पाण्यात प्रत्येकीतले दहा ग्रॅम विरघळवून सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी) मोजला, तर पहिलीचा साडेचारच्या आसपास येतो, दुसरीचा सातच्या जवळ येतो आणि तिसरीचा सातच्या किंचित वर यायला हवा असताना कधी कधी त्याच्या बराच खाली येतो. मग पोटॅशियम आम्लधर्मी की आम्लारिधर्मी? प्रश्न असा विचारला की उत्तर सापडत नाही, कारण पाण्यात गेलेल्या पोटॅशियमला या बाबतीत स्वतःचे मत जवळजवळ नसतेच. द्रावणाचा कल ठरवतो तो त्याचा जोडीदार, आणि तो जोडीदार कसा वाचायचा हे कळले की पोटॅशियमच्या बहुतेक संयुगांबद्दल बाटली न उघडताही खात्रीने सांगता येते.

जाता जाता त्या पिशवीवरच्या आकड्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. शेवटचा आकडा पालाश दाखवतो आणि पालाश मोजताना रूढीने पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबात मोजतात. पोटॅशियम ऑक्साइड अतिशय तीव्र आम्लारिधर्मी आहे हे खरे. परंतु ०:५२:३४ च्या पिशवीत त्याचा एक कणही नसतो. तिच्यात मोनोपोटॅशियम फॉस्फेट असते, आणि ३४ हा केवळ हिशेबाचा आकडा आहे. हा आकडा पाहून खताचा स्वभाव ठरवणे म्हणजे पावतीवरून चव ओळखण्यासारखे आहे.

आधी 'क्षार' या शब्दाचा निकाल लावावा

मराठीत या विषयातला अर्धा गोंधळ रसायनाचा नसून शब्दाचा आहे. शालेय पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून जे तयार होते त्याला क्षार म्हणतात, म्हणजे मीठ हाही क्षार आणि शोरा हाही क्षार. आयुर्वेदात मात्र यवक्षार किंवा अपामार्ग क्षार म्हणताना वनस्पतीच्या राखेतून काढलेला, जिभेला झोंबणारा, आम्लारिधर्मी पदार्थ अभिप्रेत असतो. शेतीच्या भाषेत 'क्षारपड जमीन' म्हणजे विद्राव्य लवणे साठलेली जमीन, आणि तिचा सामू फार चढलेला असेलच असे नाही. त्यामुळे 'पोटॅशियमचा क्षार' हे शब्द वाचले की तो आम्लारिधर्मी असणार असे गृहीत धरू नये. या लेखात क्षार हा शब्द फक्त पाठ्यपुस्तकी अर्थाने, म्हणजे धन आयन आणि ऋण आयन यांचे संयुग या अर्थाने वापरला आहे.

धातू, ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड

सामू हा पाण्यातील द्रावणाचा गुण आहे, त्यामुळे रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेल्या पोटॅशियमच्या तुकड्याला सामू नसतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली कॉस्टिक पोटॅशमधून, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून, वीजप्रवाह सोडून हा धातू प्रथम वेगळा केला. त्याची घनता सुमारे ०.८६ असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो आणि तरंगता तरंगताच पाण्याशी इतक्या जोराने अभिक्रिया करतो की बाहेर पडणारा हायड्रोजन पेट घेऊन जांभळट ज्योत दिसते. मागे उरते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, आणि त्यात फिनॉल्फथॅलिनचे थेंब टाकले तर ते गडद गुलाबी होते. 'पोटॅशियम आम्लारिधर्मी आहे' हे वाक्य ज्या पुस्तकांत असते, त्यांना म्हणायचे असते ते एवढेच : हा धातू पाण्यात गेला की तीव्र आम्लारी तयार करतो. हा प्रयोग घरी किंवा शाळेच्या बाकावर कोणीही करू नये. तुकडा फुटून अंगावर उडतो.

पोटॅशियमची ऑक्साइडेही याच वाटेने जातात. हवेत जळताना हा धातू मुख्यतः सुपरऑक्साइड बनवतो. ते श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन ऑक्सिजन सोडते, म्हणून खाणकामगारांच्या आपत्कालीन श्वसनयंत्रांत त्याचा उपयोग होतो. साधे ऑक्साइड असो, पेरॉक्साइड असो वा सुपरऑक्साइड, पाण्यात पडल्यावर शेवटी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच तयार होते. हायड्रॉक्साइडाबद्दल तर शंकाच नको : लिटरभर पाण्यात ५.६ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोलर (लिटरमध्ये एका मोलचा दहावा भाग) द्रावणाचा सामू १३ असतो. फक्त बाटली जुनी आणि सैल झाकणाची असेल तर ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कार्बोनेट होत जाते आणि मोजलेला सामू हिशेबापेक्षा कमी भरतो.

क्षार असेल तर : ऋण आयनाचे मूळ आम्ल शोधावे

खरी पद्धत क्षारांसाठी लागते. संयुगाचे नाव घ्यावे आणि त्यातील पोटॅशियम मनातल्या मनात बाजूला काढावे. पोटॅशियमचा आयन आकाराने मोठा आणि फक्त एका धनप्रभाराचा असल्यामुळे तो भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना इतके घट्ट ओढत नाही की त्यांच्यातून हायड्रोजन आयन सुटावा, आणि हायड्रॉक्साइड आयनाला धरून ठेवण्याचीही त्याची प्रवृत्ती नसते. तो द्रावणात नुसता हजर असतो. त्याला काढल्यावर जो ऋण आयन उरतो, त्याला एक हायड्रोजन आयन जोडून पाहावा; जे आम्ल मिळते ते त्याचे मूळ आम्ल. पुढचा सगळा निर्णय एका सूत्रावर चालतो : मूळ आम्ल जितके सौम्य, तितका त्याचा ऋण आयन अधिक आम्लारिधर्मी. सौम्य आम्ल आपला हायड्रोजन सहजासहजी सोडत नाही, याचाच दुसरा अर्थ असा की त्याचा ऋण आयन संधी मिळताच पाण्याकडून हायड्रोजन हिसकावून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन सोडतो.

मूळ आम्ल तीव्र असेल तर काम तिथेच संपते. हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, क्लोरिक, परक्लोरिक आणि परमँगॅनिक ही आम्ले तीव्र आहेत. म्हणून पोटॅशियमचे क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, नायट्रेट, क्लोरेट, परक्लोरेट आणि परमँगनेट हे सारे क्षार उदासीन आहेत. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुना शोरा. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आणि हेच क्लोराइड जलसंजीवनीच्या पुडीतही असते. परमँगनेटचा जांभळा रंग आणि त्याची कपडे डागाळण्याची खोड पाहून ते आम्लधर्मी असावे असे अनेकांना वाटते, पण ती त्याची ऑक्सिडीकारक शक्ती आहे आणि आम्लतेशी तिचा संबंध नाही.

सल्फेट हे थोडे कडेला बसते. सल्फ्युरिक आम्लाचा पहिला हायड्रोजन पूर्णपणे सुटतो, पण दुसऱ्याचा पीकेए (आम्ल किती सहज हायड्रोजन सोडते ते सांगणारा आकडा; तो जितका लहान तितके आम्ल तीव्र) २ च्या आसपास आहे, म्हणून शुद्ध पोटॅशियम सल्फेटचे द्रावण सातच्या अगदी किंचित वर असते. व्यवहारात ते उदासीन धरण्यास हरकत नाही. मग ०:०:५० चे, म्हणजे पोटॅशियम सल्फेट खताचे, द्रावण कधी कधी आम्लधर्मी का येते? हे खत बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र तापवून तयार केलेले असते आणि त्या प्रक्रियेतील थोडे आम्ल मालात राहून जाते. सूत्रावरून काढलेले उत्तर हे शुद्ध पदार्थाचे उत्तर असते. पिशवीतल्या मालासाठी ते मोजून पडताळावे लागते.

मूळ आम्ल सौम्य असेल तर नुसते 'आम्लारिधर्मी' म्हणून थांबू नये, कारण ८ आणि १२ यांत हाताला जाणवेल इतका फरक आहे. ०.१ मोलर द्रावणासाठी तोंडी करता येईल असा हिशेब आहे : मूळ आम्लाच्या पीकेएमधून १ वजा करावा, उरलेल्याचे निम्मे करावे आणि त्यात ७ मिळवावेत. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६, म्हणून पोटॅशियम ॲसेटेटचा सामू सुमारे ८.९. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा ३.२, म्हणून फ्लोराइडचा ८.१. कार्बोनेटला एक हायड्रोजन जोडला की बायकार्बोनेट मिळते आणि त्याचा पीकेए १०.३३ आहे, म्हणून पोटॅशियम कार्बोनेटचा सामू ११.७ च्या जवळ जातो. हायड्रोसायनिक आम्लाचा ९.२ धरला तर सायनाइडचा ११.१ निघतो, हा आकडा कागदावरच काढावा, कारण पोटॅशियम सायनाइड तपासायला म्हणूनही हाताळण्याची वस्तू नाही, आणि त्यावर आम्ल पडले तर प्राणघातक वायू सुटतो. तीन पोटॅशियम असलेल्या फॉस्फेटचा सामू साडेबाराच्या आसपास जातो, म्हणजे तो हायड्रॉक्साइडपासून फार लांब नाही.

नावात 'हायड्रोजन' किंवा 'बाय' असेल तर

इथे विद्यार्थी सर्वाधिक चुकतात, म्हणून थोडे सावकाश जावे. पोटॅशियम बायकार्बोनेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट या दोन्हींच्या ऋण आयनात सोडण्याजोगा हायड्रोजन शिल्लक आहे, आणि तरीही पहिले आम्लारिधर्मी आणि दुसरे आम्लधर्मी आहे. हायड्रोजन शिल्लक आहे म्हणजे आम्ल, असा निष्कर्ष म्हणूनच चालत नाही. असा आयन दोन्ही दिशांनी खेचला जातो : तो हायड्रोजन देऊही शकतो आणि घेऊही शकतो. कोणती ओढ जिंकते हे पाहण्यासाठी त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन पीकेएंची सरासरी काढावी. तीच साधारणपणे द्रावणाचा सामू असते आणि विशेष म्हणजे द्रावण थोडे पातळ-घट्ट झाले तरी ती फारशी हलत नाही.

बायकार्बोनेटसाठी ६.३५ आणि १०.३३ यांची सरासरी ८.३ येते, म्हणून ते सौम्य आम्लारिधर्मी. फॉस्फोरिक आम्लाचे तीन पीकेए २.१५, ७.२० आणि १२.३५ आहेत. मोनोपोटॅशियम फॉस्फेट पहिल्या दोघांमध्ये बसते, सरासरी ४.७, डायपोटॅशियम फॉस्फेट पुढच्या दोघांमध्ये बसते, सरासरी ९.८. प्रत्यक्षात मोजलेले आकडे यापेक्षा थोडे खाली येतात, पण दिशा चुकत नाही. एकाच आम्लाचे तीन क्षार, एक आम्लधर्मी, एक मध्यम आम्लारिधर्मी आणि एक तीव्र आम्लारिधर्मी, आणि तिन्हींत पोटॅशियमच. या उदाहरणानंतर 'पोटॅशियम कसे आहे' हा प्रश्न वर्गात पुन्हा येत नाही असा माझा अनुभव आहे.

याच गटात पोटॅशियम बायटार्ट्रेट येते. द्राक्षरसात आणि चिंचेत टार्टारिक आम्ल विपुल असते. वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूला जमणारे स्फटिक हे त्याच्याच अर्ध्या उदासीन झालेल्या पोटॅशियम क्षाराचे असतात. बेकरीत क्रीम ऑफ टार्टर म्हणतात ते हेच, आणि त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू ३.५६ इतका स्थिर असतो की सामूमापक जुळवण्यासाठी तो प्रमाण म्हणून वापरतात. प्रयोगशाळेतील ४.०१ चे प्रमाण द्रावणही पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचे असते. पोटॅशियम बायसल्फेटला मात्र सरासरीचा नियम लावू नये. त्याचे मूळ आम्ल तीव्र असल्यामुळे हायड्रोजन परत घेण्याची ओढ तिथे नसतेच, आणि ०.१ मोलर द्रावणाचा सामू दीडच्या आसपास उतरतो.

दुसरा धातू दडलेला आहे का, हे पाहावे

तुरटी हे याचे घरातले उदाहरण. तुरटीत पोटॅशियम आहे आणि सल्फेट आहे. वरच्या पद्धतीने दोघेही उदासीन ठरतात, आणि तरी तुरटीचे पाणी तुरट-आंबट लागते व त्याचा सामू ३ ते ४ च्या दरम्यान येतो. कारण तिसरा भागीदार ॲल्युमिनियम. तीन धनप्रभारांचा हा लहानसा आयन भोवतालच्या सहा पाण्याच्या रेणूंना इतका घट्ट ओढतो की त्यांच्यातून हायड्रोजन आयन सुटू लागतात. त्या समूहाचा पीकेए सुमारे ५ आहे, म्हणजे जवळजवळ ॲसेटिक आम्लाइतकाच. म्हणून दुहेरी क्षार समोर आला की ॲल्युमिनियम, लोह, क्रोमियम यांपैकी कोणी त्यात आहे का, हे ऋण आयन तपासण्याआधी पाहावे.

क्रोमियम ऋण आयनाच्या आत असेल तर मात्र गोष्ट वेगळी होते. पिवळे पोटॅशियम क्रोमेट सौम्य आम्लारिधर्मी आहे आणि नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट आम्लधर्मी, सामू सुमारे ४. दोन्ही एकमेकांत बदलतात. आम्ल घातले की नारिंगी, आम्लारी घातली की पिवळे. दोन्ही कर्करोगकारक असल्याने उघड्या हातांनी हाताळू नयेत.

प्रत्यक्ष मोजताना

निम्म्या चुका पाण्याच्या असतात. बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट असल्यामुळे त्याचा स्वतःचा सामू साडेसात-आठ असू शकतो, आणि त्यात पोटॅशियम क्लोराइड विरघळवून मोजले तर आपण खत न मोजता विहीर मोजत असतो. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. पण तेही हवेत उघडे राहिले की कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ पर्यंत खाली येते. म्हणून ते पाच-दहा मिनिटे उकळून, झाकून थंड करावे, आणि पदार्थ टाकण्यापूर्वी नुसत्या पाण्याचा सामू नोंदवून ठेवावा. मग १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम विरघळवून मोजावे.

लिटमसने फक्त दिशा कळते. त्याचा रंगबदल साधारण ५ ते ८ या पट्ट्यात सावकाश होत असल्याने बायकार्बोनेटसारखा काठावरचा क्षार त्यात संदिग्ध दिसतो. वैश्विक दर्शकाचा कागद त्यापेक्षा बरा. घरात हळद आहेच : गाळण कागदाची पट्टी हळदीच्या स्पिरिटमधील अर्कात बुडवून वाळवली की आम्लारिधर्मी द्रावणात ती तांबूस होते. जेवताना सांडलेला हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि खळबळताना पुन्हा पिवळा पडतो, तीच ही क्रिया. पण हळद साडेआठच्या खाली बोलत नाही, त्यामुळे आम्ल आणि उदासीन यांतला फरक तिच्याकडून कळणार नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क वापरावा. परमँगनेट आणि डायक्रोमेट यांवर कोणताच रंगदर्शक चालत नाही, कारण त्यांचा स्वतःचा रंग सगळे झाकून टाकतो. तिथे सामूमापकच हवा.

सामूमापक वापरताना ४ आणि ७ च्या, तसेच आम्लारिधर्मी अपेक्षा असेल तर ९.१८ किंवा १० च्या प्रमाण द्रावणाने तो आधी जुळवून घ्यावा. त्याच्या इलेक्ट्रोडमध्ये भरलेले द्रावणही पोटॅशियम क्लोराइडचेच असते. त्याचे दोन्ही आयन जवळजवळ सारख्याच वेगाने सरकतात म्हणून ते निवडले गेले. तापमानही नोंदवावे : उदासीन म्हणजे ७ हे २५ अंश सेल्सिअसला खरे आहे, एप्रिल-मे महिन्यांत द्रावण ४० अंशांना पोहोचले असेल तर उदासीनतेचा बिंदू ६.८ च्या जवळ सरकलेला असतो.

केळे आम्लधर्मी, त्याची राख आम्लारिधर्मी

'केळ्यात पोटॅशियम आहे, म्हणून केळे अल्कधर्मी आहे' असे विधान आहारविषयक लेखांत वारंवार दिसते. पिकलेल्या केळ्याच्या गराचा सामू ४.५ ते ५.२ असतो, म्हणजे तो स्पष्टपणे आम्लधर्मी आहे, आणि पोटॅशियमने समृद्ध असलेले शहाळ्याचे पाणीही आम्लधर्मीच असते. फळातले पोटॅशियम मॅलिक, सायट्रिक यांसारख्या सेंद्रिय आम्लांच्या सोबतीने राहते आणि त्या आम्लांचा काही भाग मोकळा असतो. सामू तोच ठरवतो. तेच फळ जाळले की सेंद्रिय भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि उरलेले पोटॅशियम कार्बोनेटच्या रूपात राखेत सापडते. जोडीदार बदलला, म्हणून स्वभाव बदलला. 'अल्कली' हा शब्द मुळात अरबी भाषेतील वनस्पतीच्या राखेच्या नावावरून आला, पोटॅशियमचे कॅलियम हे लॅटिन नावही त्याच मुळाचे, आणि चुलीतल्या राखेने भांड्याचा तेलकटपणा निघत असे तो याच कार्बोनेटमुळे.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. केळ्याच्या साली उन्हात कडकडीत वाळवून लोखंडी तव्यावर, मोकळ्या जागेत, पांढुरकी राख होईपर्यंत जाळाव्यात. दोन चमचे राख पाव लिटर पाण्यात उकळून, निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. त्यात हळदीची पट्टी तत्काळ लाल होईल. मग त्याच पाण्यात लिंबाचा रस थेंब थेंब टाकावा : फसफस होईल, कारण कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पोटॅशियमला पुन्हा सायट्रेटची सोबत मिळते, फसफस थांबल्यावरही थोडा रस घालत राहिले तर त्यात बुडवलेली नवी पट्टी पिवळीच राहील. राखेचे पाणी ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये, कारण ते भांडे खाते, आणि गाळताना ते डोळ्यांत उडणार नाही एवढी काळजी घ्यावी.